पुढची गाडी, मागचं घर

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या आमच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न हटकून येतो. आमच्याकडे अमुक एक एसयूव्ही आहे, मुलांना घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहायला जायचंय, मागे जोडायला राहण्याचा ट्रेलर घ्यायचाय, तर आमची गाडी तो ओढेल का? आम्ही इतिहासाची माणसं, विक्रेते नव्हे. पण प्रश्न इतक्या वेळा आला की आम्ही या ट्रेलरचा इतिहासच वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न शंभर वर्षं असाच विचारला जातोय, आणि शंभर वर्षं तो थोडा चुकीचाच विचारला जातोय. ओढण्याचं काम त्यातलं सर्वांत सोपं. थांबवणं, सरळ ठेवणं आणि मागच्या ओझ्याचा भार पुढच्या गाडीच्या अंगावर पेलणं, माणसं अडकली ती इथे.

खरं तर आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नसे. ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ओझं फार पुढे आलं की सगळा भार मानेवर येतो आणि संध्याकाळपर्यंत बैलाचा खांदा सुजतो. मधली जागा हाताने अजमावायची असते. ही ‘उलाळण्याची’ गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा, ती आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

हौसेखातर चाकावरचं घर घेऊन हिंडायची सुरुवात साधारणपणे इंग्लंडमधल्या १८८५ सालच्या एका गाडीपासून सांगतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. महोगनी आणि मेपलचं लाकूड, आत पुस्तकांचं कपाट, गालिचा, सगळा थाट. वजन दोन टनांच्या आसपास, आणि ओढायला दोन घोडे. थेम्सच्या खोऱ्यातल्या ट्वायफर्डहून निघून ते थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा आणि अरुंद वाटेवर समोरून कोणी येतंय का ते पाहायचा. ही व्यवस्था आम्हाला फार बोलकी वाटते. दोन टनांचं घर मागे असताना मनात आलं आणि थांबलो, असं होत नाही. थांबायचंय हे आधी कळावं लागतं.

पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांच्या जागी मोटार आली. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन विकायला सुरुवात केली. जर्मनीत १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स यांनी एक चाकावरची खोली बांधली. त्यांचा घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्यांचा. धंद्यासाठी सतत फिरतीवर असायचे, आणि होणारी पत्नी चित्रकार, तिला बरोबर यायचं होतं, वाटेत चित्रं काढायची होती. म्हणून हे ‘वोनआउटो’, म्हणजे राहण्याची मोटार. युरोपातल्या मोटारी लहान, इंजिनं लहान, म्हणून मागचं घरही हलकं ठेवावं लागलं. हा तिथल्या परिस्थितीचा रेटा होता. पण त्यामुळे युरोपला एक चांगली सवय लागली: पुढची गाडी आधी बघायची, मागचं घर नंतर.

अमेरिकेत गोष्ट उलटी झाली. तिथे मोटारी मोठ्या, पेट्रोल स्वस्त.

डेट्रॉइटला आर्थर शर्मन नावाचे जीवाणुशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुट्टीसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला. जाहिरातीत लिहिलेलं, काही मिनिटांत उभा राहतो. पहिल्याच रात्री पाऊस आला, आणि तंबू उभा करता करता सगळं कुटुंब भिजून चिंब. शर्मन यांनी वैतागून एका सुताराकडून नऊ फूट लांब, सहा फूट रुंद अशी पक्क्या भिंतींची पेटी बनवून घेतली. लोक ती बघायला थांबू लागले. १९३० साली त्यांनी ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडली, आणि काही वर्षांत त्यांची ‘कव्हर्ड वॅगन’ ही अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. ट्रेलरचं इतकं वेड पसरलं की रॉजर बॅब्सन या नामांकित अर्थभाष्यकाराने वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असं भाकीत करून टाकलं. ते फसलं, हे सांगायला नकोच.

शर्मन यांच्या पेटीच्या भिंती मॅसोनाइटच्या होत्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पत्र्यासारख्या फळ्या. ट्रेलरची बांधणी चांगली की वाईट, हा वाद इथपासून सुरू होतो, आणि तो मुख्यतः पाण्याचा वाद आहे. रस्त्यावरून जाणारं घर रोज हादरे खातं. हादऱ्यांनी सांधे सैल होतात. सैल सांध्यातून पाणी आत जातं, लाकूड कुजतं आणि कुजलेलं लाकूड आणखी सैल होतं. छताला जितके सांधे जास्त, तितकं आयुष्य कमी. याच कारणासाठी ट्रेलरच्या इतिहासातली सर्वांत हुशार माणसं सुतारकामातून आली नाहीत. ती विमानं बांधणाऱ्यांतून आली.

ग्लेन कर्टिस हे अमेरिकेतल्या विमानविद्येच्या अग्रणींपैकी एक. त्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर काढला, विमानासारखा हलका सांगाडा असलेला. पण त्यातलं खरं डोकं जोडणीत होतं. इतरांचे ट्रेलर मोटारीच्या मागच्या टोकाला लटकत. कर्टिस यांनी जोड मोटारीच्या आत, मागच्या आखाच्या जवळ घेतला आणि हादरे झेलायला तिथे हवा भरलेलं विमानाचं टायर आडवं बसवलं. भार आखावर आला, मागे लटकला नाही. आज मोठ्या पिकअपच्या हौद्यात ज्याला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, त्यामागची युक्ती हीच.

दुसरे विल्यम हॉली बोलस. लिंडबर्ग ज्या विमानातून १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडून गेले, त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’च्या बांधणीवर देखरेख करणारे हे गृहस्थ. ग्लायडर हा त्यांचा खास विषय. १९३४ मध्ये त्यांनी ‘रोड चीफ’ हा ट्रेलर काढला. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेटने जोडलेले, अंड्याच्या कवचासारखी बांधणी, आत वेगळा लाकडी सांगाडा नाही. वजन सुमारे पाचशे किलो. फक्त दार पुढे होतं, जोडणीच्या दांडीच्या अगदी वर, म्हणजे घरात शिरायला आधी दांडी ओलांडायची. महाग होता, चालला नाही. तो विकणाऱ्यांत वॉली बायम होते. बोलस यांची कंपनी बुडाल्यावर बायम यांनी दार बाजूला घेतलं, रूप थोडं बदललं आणि १९३६ च्या जानेवारीत ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला, किंमत बाराशे डॉलर. महामंदीत ती रक्कम लहान नव्हती. त्या वेळच्या शेकडो ट्रेलर कंपन्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, त्यातली ही एक.

याच कंपनीचं १९४७ चं एक छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलला अख्खा चंदेरी ट्रेलर जोडून ओढतोय. जाहिरात म्हणून अप्रतिम. पण आमच्या मते या चित्राने जितका गैरसमज पसरवला तितका दुसऱ्या कशानेही नसेल. चित्रात काहीही खोटं नाही. सपाट रस्त्यावर हजार किलोचं चाकावरचं ओझं चालतं ठेवायला पंधरा-वीस किलोचा जोर पुरतो, तेवढा धट्टाकट्टा सायकलवाला लावू शकतो. आता त्याच सायकलवाल्याला तोच ट्रेलर घेऊन घाट उतरायला सांगा. चित्र काढायला कोणी थांबणार नाही.

उताराचा विचार करणारा माणूस विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट गावी होता, आर्थर वॉर्नर. मोटारींचे स्पीडोमीटर करून यांनी पैसा मिळवला, त्यातून कर्टिस यांचं एक विमानही विकत घेतलं, आणि १९२७ मध्ये ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. या ब्रेकमध्ये मोटारीच्या बॅटरीचा प्रवाह ट्रेलरच्या चाकातल्या लोहचुंबकाला जातो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रम त्याला ओढतो आणि त्या ओढीने ब्रेकचे गट्टू दाबले जातात. मुख्य फायदा वेगळाच आहे. ड्रायव्हरला आपल्या हाताने फक्त मागच्या ट्रेलरचे ब्रेक लावता येतात, म्हणजे डोलायला लागलेला ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. युरोपने निराळी वाट घेतली. तिथे मोटार मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, जोडदांडी आत दबते आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. वीज नको, खटाटोप नको. हलक्या ट्रेलरला झकास.

इथे उलाळण्याकडे परत येऊ. ट्रेलरचं नाक मोटारीच्या गोळ्यावर किती भार टाकतं, याला अमेरिकेत ‘टंग वेट’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘नोज वेट’. अमेरिकेतला ठोकताळा ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. ब्रिटनमधला पाच ते सात टक्के, कारण तिथले ट्रेलर हलके, जड सामान आखाजवळ ठेवायची शिस्त आणि मोटारमार्गावरही ट्रेलरला ताशी साठ मैलांची मर्यादा. अमेरिकन ट्रेलर लांब असतो, वेगही जास्त. नाक हलकं पडलं की शेपूट डोलू लागते आणि एका वेगाच्या पुढे ते डोलणं आपोआप वाढत जातं. त्यात बरेच लोक घाबरून जोरात ब्रेक दाबतात, आणि पुढची गाडीही आडवी होते. बैलगाडीत उलाळल्याचा बैलांना त्रास होतो. इथे ताशी शंभर किलोमीटरला मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

बरं, मग नाकावर भरपूर भार टाकावा का? तर तोही मोटारीच्या मागच्या टोकाला लटकतो. मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू सैल लागतं आणि रात्री दिव्यांचा झोत झाडांच्या शेंड्यांवर. यावर १९५० च्या दशकात अमेरिकेत एक जोडणी रुळली, तिच्यात स्प्रिंगसारख्या दोन पोलादी पट्ट्या असतात. ढकलगाडीच्या मुठी वर उचलाव्यात तसा तो जोड वर उचलला जातो आणि काही भार पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर वाटला जातो. पण ओझं वाटून देणं म्हणजे ओझं कमी करणं नव्हे. हे अजूनही पुष्कळांना पटत नाही.

त्याच दशकातल्या दोन गोष्टी आम्हाला एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटतात. १९५१ मध्ये बायम यांनी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे एक ताफा नेला. टेक्सासमधल्या एल पासोहून ६३ ट्रेलर निघाले. निकाराग्वातल्या मानाग्वापर्यंत पोचले १४. कच्चे रस्ते, घाट, चिखल, आणि ज्यांच्यामागे ट्रेलर जोडले होते त्या गाड्या. दुसरी गोष्ट १९५४ च्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटाची. नवविवाहित जोडपं, मर्क्युरी मोटार, मागे ३६ फुटी ट्रेलर. बायकोला वाटेत आवडलेले दगडगोटे जमवायचा नाद. आणि मग माउंट व्हिटनीकडे चढणारा तो अरुंद रस्ता. नवऱ्याने टाकून दे म्हटलेले दगड ट्रेलरमध्ये लपवलेले. लोक पोट धरून हसतात. ट्रेलर ओढलेले लोक त्या प्रसंगात फारसे हसत नाहीत, कारण प्रत्येकाच्या ट्रेलरमध्ये ते दगड कुठल्या ना कुठल्या रूपाने असतातच. आपल्याकडे ते तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन आणि न वापरता परत येणाऱ्या खुर्च्यांच्या रूपात असतात.

बायम यांनी धडा घेतला. १९५९ मध्ये ते केपटाउनहून कैरोला ४१ ट्रेलर घेऊन निघाले, त्या ताफ्याच्या छायाचित्रांत पुढे बहुतेक दणकट पिकअप ट्रक दिसतात. ते १९६२ मध्ये वारले. त्यानंतर १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून लिस्बनकडे गेलेला ताफा भारतातून आणि पुढे खैबर खिंडीतून गेला. कारखाने चाकावरची घरं विकत होते, आणि कुठलं घर कुणी ओढावं हे मात्र लोक रस्त्यावर मोडतोड सोसून शिकत होते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन मोटारी आकसल्या. ज्या लांबलचक सेडानमागे ट्रेलर डौलात जायचा त्या बंद झाल्या आणि ओढायचं काम पिकअपकडे गेलं. या सुमाराला एक धाकटं भावंड भाव खाऊन गेलं. कॅनडातल्या विनिपेगचे रे ओलेको फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवत. तोच साचा-विचार वापरून त्यांनी १९६८ मध्ये ‘बोलर’ हा तेरा फुटी ट्रेलर काढला. वरचं कवच एक, खालचं कवच एक, मधे कमरेला एकच सांधा. छताला उभेआडवे जोडच नाहीत, मग पाणी शिरणार कुठून? वजन पाचशे किलोच्याही आत. पन्नास वर्षांपूर्वीचे हे ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात, त्या काळातले लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेले कितीतरी केव्हाच कुजून गेले. सेप्टिक टाकीच्या वंशातलं घर म्हणून नाक मुरडू नका. दोन माणसं आणि एक मूल असेल तर आमची पसंती आजही याच जातीला.

आता कागदावरच्या आकड्याबद्दल. ‘ही गाडी इतके पौंड ओढते’ हा आकडा अनेक दशकं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवत असे, आणि स्पर्धा असल्यामुळे तो वाढतच जायचा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने एक समान कसोटी ठरवली, जे-२८०७. तिच्यातली एक परीक्षा अॅरिझोना-नेवाडा सीमेवरच्या डेव्हिस डॅमजवळच्या चढाची. अकरा मैलांहून जास्त चढ, बाहेर कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि वेग ठराविक मर्यादेखाली जाता कामा नये. टोयोटाने ही कसोटी सर्वांत आधी लावली आणि त्यांच्या मोठ्या पिकअपचा आकडा काहीशे पौंडांनी खाली आला. बाकीच्यांनी यायला काही वर्षं घेतली. का घेतली, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

पण कसोटी प्रामाणिक असली तरी त्या आकड्यात तुमचं कुटुंब जवळजवळ नसतंच. एक हिशेब करू. गाडी पाच हजार पौंड ओढते, गोळ्यावर पाचशे पौंडांची मर्यादा, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून बाराशे पौंडांच्या वर जाऊ नये. विक्रेता सदतीसशे पौंडांचा ट्रेलर दाखवतो आणि म्हणतो, बघा, तेराशे पौंड शिल्लक! पण सदतीसशे हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणं घातली की तो सहज सेहेचाळीसशेला जातो. त्याच्या बारा टक्के साडेपाचशे पौंड. गोळ्याची मर्यादा इथेच ओलांडली. आता माणसं: चौघांचे सहाशे, डिकीतलं सामान दोनशे, वर गोळ्यावरचे साडेपाचशे. झाले साडेतेराशे. ओढायच्या आकड्याला अजून चारशे पौंड जागा आहे आणि गाडी दोन ठिकाणी आधीच ओव्हरलोड. म्हणून ट्रेलरचं रिकामं वजन विचारूच नका. त्याच्या पाटीवरचं कमाल वजन घ्या आणि तेवढाच तो होणार असं धरून चाला. ब्रिटनमधले कॅरॅव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात, ट्रेलरचं भरलेलं वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. अमेरिकेत हे ऐकून लोक हसतात. हसू द्या.

बांधणी बघताना चकाकी बघू नका. पाऊस पडून गेल्यावर ट्रेलर बघायला जा. दार उघडल्याबरोबर वास घ्या, कोंदट ओलसर वास कुठल्याही अत्तराने लपत नाही. कोपऱ्यांतली जमीन अंगठ्याने दाबा, खिडकीखालची भिंत दाबा, पलंगाखालचं कपाट उघडून आतून छताचा कोपरा पाहा. टायरवरची तारीख वाचा. खाली वाकून आखाची क्षमता लिहिलेली पट्टी शोधा. ती ट्रेलरच्या कमाल वजनाच्या जेमतेम बरोबरीला असेल तर कारखान्याने कुठे काटकसर केली ते समजलं.

आमचाही एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी कॅलिफोर्नियात ट्रेलर भाड्याने घेतला. देणाऱ्याने गाडीकडे नजर टाकली आणि म्हणाला, खुशाल ओढेल. ओढलाही. पाण्याची टाकी मागच्या बाजूला होती आणि आम्ही ती शहाणपणाने काठोकाठ भरली होती. वर सगळं वाणसामान मागच्याच कपाटात. महामार्गावर शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि मागून कोणीतरी गाडीचं शेपूट धरून हलवावं तसं झालं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जास्त. चालवणाऱ्याने ब्रेकला पाय लावला नाही, नुसता अॅक्सिलरेटरवरून उचलला, म्हणून आज हे व्याख्यान होतंय. गाडीत कोणी बोलत नव्हतं. पुढच्या थांब्यावर ट्रकांचा वजनकाटा होता, थोडे डॉलर भरून तिथे ट्रेलर जोडून आणि सोडून अशी दोनदा वजनं केली. गोळ्यावर सात टक्केसुद्धा भार नव्हता.

टाकी रिकामी केली, तांदळाची पोती पुढे आणली. काट्यावरच्या बाईंनी तिसऱ्यांदा वजन करून देताना फक्त एवढंच विचारलं, “घाट उतरायचाय का?” आम्ही हो म्हटलं. त्यांनी बाहेर येऊन आमच्या ब्रेकच्या वायरीचा जोड ओढून पाहिला, मग जाऊ दिलं.